आठवी ब विरुद्ध तुम्ही

अहो,

तुम्ही गेल्यापासून मी तुमच्याशी एक शब्द बोललेले नाही. रागच इतका होता. आज लिहितेय, कारण आज आठवी ‘ब’नं तुम्हाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. हे तुम्हाला माझ्याशिवाय कोण सांगणार?

तुमचा नागरिकशास्त्राचा तास मोठ्या बाईंनी माझ्याच गळ्यात मारला. मी गणिताची बाई! मला काय कळतंय त्यातलं? आणि त्यात तुमचं ते सोमवारचं कोर्ट. साडेसातच्या मालिकेतली माणसं वर्गात आणायची आणि त्यांच्यावर खटला भरायचा! कधी सुनेचा मोबाइल चोरून वाचणारी सासू, कधी कोऱ्या कागदावर सह्या घेणारा दीर. स्टाफरूममध्ये सगळे नाकं मुरडायचे. "शाळा आहे की तमाशा?" तुम्ही म्हणायचात, "पुस्तकातलं कलम यांना आठवत नाही, सासूनं काय केलं ते मात्र तोंडपाठ असतं. मग सासूकडूनच शिकू दे की!"

आणि शिकली हो कार्टी! सासूचं वकीलपत्र घ्यायला कुणी तयार होईना, तेव्हा तुम्ही खटलाच थांबवलात. म्हणालात, आरोपी कितीही नालायक असो, त्याच्या बाजूनं बोलणारं कुणीतरी पाहिजेच. शेवटी सानिया उठली. हजेरीलासुद्धा धड तोंड न उघडणारी मुलगी, पण अशी भांडली की शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. घरी आल्यावर तुम्ही चहा गार होईपर्यंत मला तेच सांगत बसलात.

आज मी हिय्या केला. विचारलं, "बोला, शनिवारी मालिकेत काय झालं?"

सानियाच म्हणाली, "मॅडम, आता कोणी बघतच नाही. सरांसाठी बघायचो. एरवी किती बोअर आहे ती!"

आणि मला वाटायचं, ही पोरं मालिकेच्या नादानं तुमच्या तासाला बसतात!

मी पुस्तक उघडणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून अथर्व म्हणाला, "मॅडम, आज सरांवरच केस टाकू." मी ओरडायला हवं होतं. नाही ओरडले. तोच न्यायाधीश झाला, तुमची रिकामी खुर्ची पुढे आली आणि सानिया आरोप सांगायला उठली. "सोमवार चुकवायचा नाही, चुकवायचाच असला तर सांगून जायचं, हा सरांचाच रूल. आणि सर स्वतः न सांगता गेले. चालतं का असं?" एवढं म्हणून ती खाली बसली.

"आरोपीतर्फे कोण?" अथर्वनं विचारलं. कुणी उठलं नाही. सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला.

काय बोलणार होते मी? त्या सकाळी तुम्हीच म्हणालात, छातीत दुखतंय. मी म्हटलं, रिक्षा बोलावते, आधी डॉक्टरकडे जाऊ. तर तुम्ही म्हणे, "अगं, ॲसिडिटी आहे. आज दिराची उलटतपासणी आहे, पोरं वाट बघतायत." पाण्यात सोडा घालून प्यायलात आणि निघालात. खडकी बाजाराच्या बसस्टॉपपर्यंतही पोचला नाहीत. टीव्हीतल्या त्या मेल्या खोट्या दिरासाठी! मी घरात होते ना, मी काय खोटी होते?

मला तुमच्या बाजूनं एक वाक्य बोलता आलं नाही. शेवटी अथर्वनंच पुढच्या सोमवारची तारीख दिली.

सगळे सांगतात, मुलांमध्ये मन रमवा. कसं रमवू? त्यांच्याकडे बघितलं की तुम्ही दिसता आणि माझं टाळकं फिरतं. घरी यावं तर घर खायला उठतं. कुठे जाऊ मी, सांगा ना!

पण वकील उभा राहिला नाही तर हे कोर्ट बंद पडेल आणि सानिया पुन्हा तोंडाला कुलूप लावून बसेल, एवढं मलाही कळतं. म्हणून शब्द देते. सोमवारी मी तुमच्या बाजूनं उभी राहीन. पोरांना पटेल असं काहीबाही बोलेन. तुम्हाला निर्दोष सोडवीनसुद्धा.

त्यांच्या कोर्टातून. माझ्या नाही.

तुमचीच,
सुनंदा