चाक उतरवायचा दांडा

कोबे

सौ. इंदुमतीस सप्रेम आशीर्वाद.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. मी बरा आहे. तुझ्या डोळ्याला अजून पाणी येतं का? गॅस बंद केलास ना, हे दोनदा बघत जा.

येताना विमान उतरायच्या आधी त्याच्या पोटात घरघर झाली आणि मी मोठ्यानं रामरक्षा म्हणू लागलो, हे आपल्या विवेकनं सांगितलंच असेल. त्या धास्तीनं मी परतीचं तिकीट काढू देत नव्हतो.

काल कौमुदी सूनबाईनं एका छोट्या संग्रहालयात नेलं. तिथं दुसऱ्या महायुद्धातल्या जड अमेरिकन बॉम्बफेकी विमानाचं चाक आहे, माझ्या छातीएवढं उंच. ते विजेच्या मोटारीनं उतरायचं. मोटार बंद पडली की एक माणूस वाकून दांडा फिरवी. मी फिरवून पाहिला. आत दाते फिरले, तीच घरघर झाली आणि एवढं धूड माझ्या या हातांनी इंचाइंचानं खाली आलं गं!

तिथली देखभाल करणारे मोरी-सान नव्वदीचे. म्हणाले, "असल्या विमानांनी आमचं घर जाळलं."

माझा हात दांड्यावरून सुटलाच. कौमुदीनं विचारलं, "मग याला तेल कशाला घालता?"

"खाली आम्हाला नुसता आवाज यायचा. मी हा दांडा धरला तेव्हा कळलं, वरही कुणीतरी घरी पोचायला धडपडत होतं."

विवेकला तिकीट काढायला सांगितलंय. तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी असेन. रामरक्षा म्हणेनच, पण मनातल्या मनात.

तुझाच,
दत्तात्रय