ट्रामला नारळ देणार नाही

२ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळ
मोहन्याहून आले. धाकटी बहीण आवडा बरी आहे, म्हणजे तोंड चालतंय. डोळे गेले तरी मी आणलेले बोंबील खवट आहेत हे तिला बरोबर कळतं. दुपारभर भांडलो. विषय बापाच्या म्हशीचा. ती म्हैस कोणाला दिली त्यावर साठ वर्षं भांडतोय, अजून पुष्कळ बाकी आहे.
येताना बसचा कंडक्टर विश्राम म्हणाला, मावशी, ही बस आता थोड्या दिवसांची पाहुणी. रस्त्यावर ट्राम येणार.
मी ठरवलं, ट्राम येणार नाही. विषय संपला.

४ फेब्रुवारी
नात जागृतीने मोबाईलवर ट्राम दाखवली. रस्त्यात रूळ, त्यावर काचेची गाडी, आत गोऱ्या बायका बसलेल्या. एकीच्याही हातात पिशवी नाही. त्या नक्की कुठे चालल्यात?
विचारलं, मोहन्याला जाते का? म्हणे, स्टेशनपर्यंतच. म्हटलं मग मला काय करायचीय? तर म्हणते, आजी, जगात सगळं तुझ्यासाठी नसतं. मी रोज वागळे इस्टेटला कामाला जाते, आपल्या नाक्यावरून स्टेशन गाठेपर्यंतच अर्धा जीव जातो. तुझी ती बस आठवड्यातून एकदा तुझ्यासाठी चालवायची का?
म्हटलं, हो.
पोरीला समजावलंय. पटलं असणार, कारण उठून आत गेली.

९ फेब्रुवारी, सोमवार
बस उशिरा आली. आत मी, ड्रायव्हर, विश्राम आणि एका बाईची कोंबडी. विश्राम म्हणतो, मोहन्यातली रेयॉनची कंपनी बंद पडल्यापासून तिकडे पॅसेंजर कोण? साहेब लोक रिकाम्या बसा मोजतात आणि बंद करतात.
एवढंच ना! बस भरायची. भजनाच्या सगळ्या बायकांना पुढच्या सोमवारी आणते. उभं राहायला जागा मिळणार नाही. साहेबांची तोंडं बघायची आहेत.

१६ फेब्रुवारी, सोमवार
बायका आल्या. सगळ्या. काही नटून आल्या. स्टॉपवर उभ्या राहिलो तेवढ्यात चुलत दीर गुणाजी त्याची नवी लांबलचक गाडी घेऊन आला. म्हणाला, वहिनी, उन्हात कशाला? कल्याणला चाललोय, बसा सगळ्या, एसी आहे. बायका एकमेकींना ढकलत आत.
मी पण बसले. एकटीने उन्हात काय करणार?
मागच्या काचेतून बघितलं तर बस येत होती. रिकामी. आज कोंबडीपण नव्हती.
कल्याणात बायका साड्यांच्या दुकानात शिरल्या त्या शिरल्या. मोहने राहिलं. रात्री आवडाचा फोन. बाय, बस आलेली, तू उतरली नाय. मी सांगितलं, बस बंद होती. ती म्हणाली, मी आवाज ऐकला ना. म्हटलं, दुसरी असेल.
गाडीतला एसी मात्र चांगला होता.

२७ फेब्रुवारी
शाळेत सभा. ट्रामवाले साहेब लॅपटॉप घेऊन आलेले. साहेब म्हणाले, एक ट्राम म्हणजे तीन बसा, धूर नाही, आवाज नाही. मी उभी राहिले. विचारलं, साहेब, आमच्यात हळद असली की मांडव रस्त्यात पडतो. बस शहाण्यासारखी गल्लीतून जाते. तुमची ट्राम कुठून जाणार, नवरीच्या अंगावरून?
साहेब म्हणाले, रस्त्यात मांडव घालता येणार नाही.
मग जो आवाज झाला! पोरं बाकांवर चढली. गुणाजी, ज्याच्या बिल्डिंगींचा भाव ट्रामने वाढणार आहे, तो पण ओरडला. मी खाली बसले. आता बोलायची गरजच नव्हती. ट्राम मेली होती.
साहेबांनी फोन लावला. मग माईकवर म्हणाले, हळदीच्या रात्री ट्राम लवकर बंद करू.
टाळ्या, शिट्ट्या. गुणाजी माझे हात धरून म्हणाला, वहिनी, तुमच्यामुळे गाव जिंकलं.

१० मार्च
इतके दिवस उगाच धावपळ केली. हुकमाचं पान माझ्याच घरात. गावदेवीपुढे आमच्या घरचा नारळ फुटल्याशिवाय गावात कुठलंही काम सुरू होत नाही. मान आमचा. नवरा गेल्यापासून माझा. पाण्याच्या टाकीच्या वेळी सासूने नारळ दिला नाही, टाकी वर्षभर अडली. लोक म्हणतात सिमेंट आलं नव्हतं. लोकांना काय कळतं.
पाडव्याला ट्रामचं भूमिपूजन आहे. मी नारळ देणार नाही.
रात्री छान झोप लागली.

१८ मार्च
मुलगा आनंदा दारात उभा. आये, असं करू नको, उद्या मंत्र्यांची माणसं येणार. म्हटलं, मला ताप आहे. त्याने कपाळाला हात लावला. म्हटलं, आतून आहे.
तो म्हणाला, आये, गुणाजीकाका नारळ घेऊन तयार बसलाय. म्हटलं, बसू दे. देवी त्याच्या हातचा घेणार नाही.
उद्या दिवसभर गोधडीतून उठायचं नाही. नक्की.

१९ मार्च, पाडवा. दुपार
फोडला.
झालं असं. मी गोधडीत पडलेले. बँड ऐकला, उठले नाही. मंत्र्यांच्या गाड्या आल्या, उठले नाही. मग लाऊडस्पीकरवर म्हणाले, मानाचा नारळ फोडण्यासाठी गुणाजी यांच्या पत्नी मायाबाई यांनी पुढे यावं.
माया! जिला नारळ खवायचा कसा माहीत नाही.
हिरवं लुगडं नेसून कशी पोचले मला आठवत नाही. नारळ तिच्या हातातून काढून घेतला. एकाच फटक्यात दोन सरळ भकलं. इतका सरळ नारळ माझ्या हातून कधी फुटला नव्हता. टाळ्या वाजल्या. साहेबांनी शाल दिली. फोटोत मी मधोमध, माया अर्धी कापली गेली.
पण मी मनापासून फोडलेला नाही. त्यामुळे तो धरला जात नाही. देवीला माहीत आहे.

२४ मार्च
नाक्यावर खणायला सुरुवात. पत्रे ठोकले, त्यावर त्या काचेच्या गाडीचं चित्र. बस बंद. विश्राम शेवटच्या दिवशी पाणी प्यायला आलेला. त्याला दुसऱ्या रूटवर टाकलंय. म्हणाला, मावशी, फोटो बघितला, शाल शोभते तुम्हाला.
पाण्याबरोबर गूळ दिला.

३० मार्च, सोमवार
रिक्षावाल्यांना विचारलं. मोहने म्हटलं की मान फिरवतात. आनंदा म्हणतो, रविवारी गाडीने सोडतो. रविवारी त्याला कोणाच्या तरी हळदीला जायचंय. पुढच्या रविवारीपण हळद. जागृती म्हणाली, आजी, चल स्कूटीवर. बिचारीने रजा काढलेली. पत्र्यांपर्यंत गेलो, पुढे डंपर आडवा. तिथेच उभ्या राहिलो. ती म्हणाली, ट्राम झाली की बघ. मी बघितलं तिच्याकडे, तर तीच खाली बघायला लागली.
परत आलो.

६ एप्रिल, सोमवार
आवडाचा फोन. विचारते, तुझी ती गाडी कधी चालू होणार? जागृतीने मला सांगितलंय, पाच वर्षं धरून चाल. मी आवडाला सांगितलं, दिवाळीपर्यंत. ती म्हणाली, बरं.
मी म्हशीचा विषय काढला. म्हटलं, म्हैस तुलाच दिलेली, तूच खोटं बोलतेस.
ती म्हणाली, असंल बाय, मनाच दिली असंल. आणि फोन ठेवला.
जेवले. मग दुपारी झोपले. सोमवारी मी कधी झोपत नाही.