पाठीचं माप

४ जून १९८४

ती. ताईस सा. न. वि. वि.,
काय हात आहे गं तुझा! तू शिवलेला पट्टा बांधून घड्याळं दुरुस्त करायला बसलो की पाठीतली कळ फिरकत नाही. डॉक्टर म्हणतात, मणक्याचा क्षय आहे, वर्षभर गोळ्या हव्यातच. चार महिने गिळल्या. मळमळ, तोंडाला चव नाही. गुण पट्ट्याचाच, असं मी म्हणतो. सोडू का गोळ्या? तू म्हणशील तसं.
माया आहे तशीच ठेव.
तुझा धाकटा

१२ जून

चि. धाकट्यास अ. उ. आ.,
पत्र वाचून अंगावर मूठभर मांस चढलं. दुकानात चार गिऱ्हाइकांना वाचूनही दाखवलं. बरं वाटतंय ना? मग कशाला पोटात औषधांचा मारा? मऊ अस्तराचा दुसरा पट्टा पाठवते.
वहिनीला माझी आठवण सांग.
ताई

२० ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.,
घाबरू नकोस. गेल्या आठवड्यात पायातली चप्पल रस्त्यात निसटली आणि मला घरी येईपर्यंत पत्ता नाही. आता पाय उचलत नाहीत. जूनमध्येच गोळ्या सोडल्या म्हणून डॉक्टरांनी चांगलंच फैलावर घेतलं. म्हणाले, दुखणं गोळ्यांनी थांबलं होतं, पट्ट्याने पाठीला नुसता आधार दिला. आता पहिल्यापासून दीड वर्षं गोळ्या. पायात बळ येईल म्हणतात. पाठीचा बाक मात्र जायचा नाही.
तुला बोल लावत नाही. मला हवं तेच तुझ्याकडून वदवून घेतलं.
तुझा धाकटा

२८ ऑक्टोबर

चि. धाकट्यास आशीर्वाद,
मी शिंपीण, डॉक्टर नव्हे, एवढंही मला कळू नये? कौतुकाने हुरळले आणि तुझी पाठ घालवून बसले. स्वतःची लाज वाटते. ते पट्ट्याचं पत्र मी अजून कुणाकुणाला दाखवलं होतं, ते आठवून जेवण जात नाही. दर महिन्याला गोळ्यांची रिकामी पाकिटं मला पाठवायची. एक जरी कमी भरलं, तर येऊन दारात बसेन.
ताई

१० मे १९८६

ती. ताईस सा. न. वि. वि.,
सोबत शेवटची पाकिटं. मोजून घे, हवालदारीणबाई! काठी टेकत दुकानापर्यंत जातो, घड्याळं पुन्हा हातात आली. डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या. या वेळी त्यांनी, मी नाही.
लेकीच्या लग्नात तुझ्या हातचाच कोट घालणार. बायकोने उंचीचं माप घेतलं : खांद्यापासून खाली पुढून चोवीस इंच, मागून बाकावरून अठ्ठावीस. तिला वाटलं टेप सरकला, म्हणून तीनदा घेतलं. चूक नाही. तुझ्या वहीतलं माझं जुनं माप खोडून टाक, ताई.
कोट जरा सैलच शिव. आणि रडत शिवू नकोस, टाके वाकडे येतात.
तुझा धाकटा