आईच्या चपला

पनवेल, रविवार संध्याकाळ

बालीहून परतलो, पण डोक्यात आईच्या चपलाच. ज्वालामुखीच्या काळ्या राखेत आम्ही सगळे फोटो काढत होतो आणि आई चपला हातात घेऊन उभी. खालची जमीन कोमट. मी रागावलो, तर म्हणाली, "डोंगर जिता हाय. चपला नाय घालायच्या."

गावच्या डोंगरावर आम्हीही अनवाणीच चढायचो, वर देव होता म्हणून. कसा विसरलो मी? विमानतळासाठी तो डोंगर फोडला, तेव्हाच आम्ही या फ्लॅटमध्ये आलो.

आज आई कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली. चपला दाराशीच काढल्या. रोजच काढते, मला वाटायचं, फरशी खराब होऊ नये म्हणून. गॅलरीतून डोंगर होता ती जागा दिसते. तिथे विमान उतरत होतं.

मीही चपला काढून तिच्या शेजारी उभा राहिलो.