हजेरी नंबर एक्केचाळीस

सिडको, छत्रपती संभाजीनगर
९ जानेवारी २०२६

चि. उमाला आण्णाचा आशीर्वाद.

नाय, मी या वयात कॉलेजात नाव घातलेलं नाय. तू विचारलं नाहीस, पण शेजारची सारजाबाई तुला सांगितल्याबिगर राहायची नाय, म्हणून आधीच लिहितो. पाठीला पिशवी लावून विद्यापीठाच्या बसमधी चढताना तिनं मला दोनदा बघितलं. पिशवीत पाण्याची बाटली आन भाकर असती. दप्तर नाय. एकाहत्तराव्या वर्षी कोण घेतंय कॉलेजात, आन घेतलं तरी मी जाईन व्हय?

इकडं ठीक. नळाला सहाव्या दिवशी पाणी आलं. गुडघा जिथल्या तिथं. गोळ्या संपल्या, नव्या धाडू नको, फरक नाय. लातूरला थंडी असंल. शाल वापरत जा, कपाटात ठेवून ती काय वाढत नाय.

तर झालं असं. दिवाळीनंतर एक पोरगी दारात आली. नीरजा नाव. विद्यापीठात संशोधन करती. विषय काय, तर माणूस शिकतो कसा आन मशीन शिकतं कसं. मी म्हणलं, बाई, माझ्याकडं दोन्ही नाय. पाचवीत शाळा सोडली. आन मशीन म्हणशील तर चितेगावच्या कंपनीत तीस वर्सं प्रेस चालवली, ती काय शिकली नाय, माझं एक बोट तेवढं घेतलं.

तरी हलंना. मंग तिनं पायरीवर बसून सगळं सांगितलं. लॉकडाऊनमधी तू आपल्या घरातून सहावीचे वर्ग मोबाईलवर घेत होतीस. ज्या लेकरांकडं फोन नव्हता त्यांच्यासाठी रेकॉर्ड करून ठेवत होतीस. ते सगळं तुमच्या शाळेनं तुमच्या सह्या घेऊन या लोकांना दिलं. हे लोक ते मशीनला ऐकवतात. वर्गात कोणचं लेकरू खरंच शिकतंय आन कोण नुसतं फोन लावून भाईर गोट्या खेळतंय, हे आवाजावरनं ओळखायला त्याला शिकवायचं. शिकवायचं म्हणजे काय, तर हजार बारी ऐकवायचं, चुकलं की चुकलं म्हणायचं. आमच्या गुरुजींची बी हीच रीत होती, फक्त छडी जास्तीची.

तर तुझ्या वर्गात लेकरं चाळीस. मशीन म्हणतंय एक्केचाळीस.

आन सगळ्यात ध्यान देऊन शिकणारं कोण, तर हे एक्केचाळिसावं. एक दिवस गैरहजर नाय. मधे बोलत नाय. नुसतं हूं म्हणतं, आन बरोबर जागेवर म्हणतं. तिचे विश्वजित सर म्हणले, खरखर असंल, पुसून टाक. ही म्हणली, सर, खरखर अपूर्णांकाला हूं म्हणत नसती. चाळीस घरी फोन लावले तिनं. कुणाचंच ते लेकरू नाय. मंग तुमच्या हेडबाईंनी आपला पत्ता दिला.

मी दारात उभा राहून हे ऐकत होतो आन सवयीनं तोंडातनं गेलं, हूं.

पोरगी टुणकन उठली. "आजोबा! तुम्हीच!" जसा काय चोर घावला.

तू म्हणशील, आण्णाला दारात उभं राहून एवढं ऐकू आलं कसं. ती मोठ्यानं बोलती. पुढं लिहितो.

तुला आठवत असंल. पयल्या आठवड्यात तू त्या काळ्या चौकोनांशी बोलत होतीस. लेकरांचे आवाज बंद, तोंडं बंद. तिसऱ्या दिवशी गुणोत्तर शिकवता शिकवता थांबलीस. म्हणलीस, "आण्णा, भिंतीला शिकवल्यासारखं वाटतंय. माझ्याच्यानं होणार नाही." मी स्टूल उचललं, मोबाईलच्या मागं ठेवलं, वर मेथीचं ताट घेऊन बसलो. तू बोलायची, मी हूं म्हणायचं.

आमची आई अजिंठ्याला मक्याची कणसं सोलताना कहाणी सांगायची, तवा एकानं हुंकारी भरायचीच. हुंकारी मोडली की ती तिथंच थांबायची. म्हणायची, आता कहाणी रानात हिंडंल, तिला घर घावायचं नाय. मी सगळ्यांत धाकटा, म्हणून ते काम माझ्याकडं. झोप आली तरी हूं. त्या कामाची तालीम मला तवापासनं. दीड वर्स तुझी भरली. मेथी किती निवडली त्याचा हिशेब नाय.

तर आता मंगळवारी आन शुक्रवारी मी तिकडं जातो. डोंगराच्या पायथ्याला खोली हाय, खिडकीतनं नुसतं पिवळं गवत दिसतं. नीरजा कानावर दोन वाट्या चढवती. मंग ती खोली जाती, गवत जातं, आन मी आपल्या सैपाकघरात असतो. उमा, लई नवल हाय ते. त्या दिवसातली शांतता त्यात भरलेली हाय. एक गाडी नाय, हॉर्न नाय. लिंबावर पोपट. लांब कुठंतरी अजान, ती पण दबक्या पावलानं आल्यासारखी. कुकरची शिट्टी होती आन तू म्हणतीस, "मुलांनो, ती शिट्टी आपल्या वर्गाची नाही." आन मी हूं म्हणतो. माझाच आवाज मला विहिरीतनं आल्यासारखा येतो. कधी कधी वाटतं तिथं जाऊन त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवावा.

काम सोपं हाय. एकेक हूं वाजवती आन विचारती, हा कसला? मी सांगतो. हा समजलं म्हणून. हा पुढं बोल म्हणून. हा मेथीत अळी घावली म्हणून. हा काय बी समजलं नाय पण उमा खुश होईल म्हणून. ती लिहून घेती. विश्वजित सर बी येऊन बसतात आता. परवा म्हणले, "काका, आम्ही सहा महिने हे आवाज कचरा म्हणून काढत होतो." मी म्हणलं, "सर, ऐकणाऱ्याला कचऱ्यात टाकलं तर बोलणारा कुणाकडं बघून बोलंल?" त्यांनी ते बी लिहून घेतलं. यांना लिहायचं लई वेड.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली होती. मशीन खोटं बोललं नाय. मी शिकत होतो. अपूर्णांकाचा भागाकार करताना दुसरा उलटा का करायचा, हे पाचवीत मार खाऊन कळलं नव्हतं. तू भाकरी मोडून दाखवलीस तवा कळलं. अर्ध्या भाकरीत पाव भाकरी किती, तर दोन. त्या दिवशीचा हूं नीरजानं मला तीनदा ऐकवला. म्हणली, "आजोबा, हा वेगळा आहे." असंल.

आज एवढंच. सारजाबाई पाणी आलं म्हणून वरडती.

११ जानेवारी

दोन दिवस पत्र पडून राहिलं. टपालात टाकणार होतो, पण त्यात काम अर्धंच झालंय.

नीरजानं मला कागद दाखवला. त्यावर प्रत्येक लेकराची ओळ काढलेली हाय. एक्केचाळीस नंबरची ओळ सरळ चालती आन ऑगस्ट २०२१ ला तुटती. पुढं काय बी नाय. तिच्या भाषेत त्याला गळती म्हणतात. तिनं विचारलं, "आजोबा, वर्गातलं सगळ्यात चांगलं लेकरू असं एकदम गळालं का?"

मी म्हणलं, गावाला गेलो होतो.

मी गावाला गेलो नव्हतो. तू गेली होतीस. पंचमीच्या तोंडावर, जवा लेकी माहेरी येतात, तवा मी तुला सिल्लोडला सासरी सोडून आलो. म्हणलं, लॉकडाऊन उठलं, लोक विचारतात, आता आपल्या घरी बरी. तू गाडीत पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलीस. फुलंब्रीला चहाला उतरलो, तवा बी खाली ठेवली नाहीस.

तिकडनं तू महिनाभर वर्ग घेतलेस. ते बी त्यांच्याकडं हायेत. मी ऐकले. तू एक वाक्य बोलतीस आन थांबतीस. जरा वाट बघतीस. मंग पुढं जातीस. पयल्या दिवशी असं चौदा बारी. नंतर नंतर थांबायची बंद झालीस.

आता मूळ गोष्ट. जुलैतल्या एका दुपारी तुझा वर्ग संपला, लेकरं गेली, पण रेकॉर्ड बंद करायचं राहून गेलं. पुढची सहा मिनिटं त्यात हायेत. मशीननं ती लिहून काढलीत. वर "उमा मॅडम" आन खाली "विद्यार्थी ४१", असं. तू सिल्लोडचं बोलायला लागलीस. सुरुवातीला घरातलं, सासूचं, दुकानातलं. मी हूं म्हणतोय. मंग नवऱ्याचं, ऋतुराजरावांचा राग कसा हाय ते. हूं. मंग तू म्हणलीस, आण्णा, लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासनं ते मला मारतात.

त्याच्याखाली मशीननं लिहिलंय, शांतता, अठ्ठेचाळीस सेकंद.

मंग माझा आवाज. "काय म्हणलीस? ऐकू नाय आलं. कान गेला बघ माझा."

मंग तू. "काही नाही. चहा टाकते."

नीरजाला मी म्हणलं, मशीनची कायतरी गल्लत असंल. ती खाली बघत म्हणली, "आजोबा, त्याच्या आधीच्या सगळ्या वाक्यांना तुम्ही हूं म्हणलात. ती या वाक्यापेक्षा हळू आवाजातली होती." लई गुणाची पोरगी. पुढं म्हणली, "हे वर्गाचं नाही, घरातलं आहे. नियमाप्रमाणे मॅडमना कळवावं लागेल, ऐकवावं लागेल, त्या म्हणतील तसं करू." मी म्हणलं, कापून टाक. ती म्हणली, तुमच्या एकट्याच्या सांगण्यानं कापता येत नाही. आन मंग हळूच म्हणली, "कापलं तरी झालेलं राहतंच ना आजोबा."

मी बसनं न येता चालत आलो. मकबऱ्याच्या मागनं, खामनदीच्या कडंनं. किती वेळ लागला ठाऊक नाय. सारं अंगाभवती पाण्यासारखं हलत होतं, लोक बोलत होते आन मला एकेक शब्द ऐकू येत होता. भाजीवाल्याचा, शाळेतनं सुटलेल्या लेकरांचा, कुणीतरी गच्चीवरनं हाक मारली ती बी. असं वाटलं सगळं शहर माझ्या कानाची परीक्षा घेतंय.

ऐक उमा. माझे कान चांगले हायेत. तवा बी होते, आता बी हायेत.

एकदा बहिरा झालो, मंग बहिराच राहावं लागलं. तू दीड वर्सानं एकटीनं पिशवी उचलून लातूर गाठलंस, मला तिथनं कळवलंस. फोनवर घसा फोडून बोलायचीस, मी आवाज येत नाय म्हणून खाली ठेवायचो, कारण तू पुन्हा ते वाक्य बोलशील याचं भ्या वाटायचं. तू ते पुन्हा बोलली नाहीस. उलट पयल्या पगारात कानाचं मशीन धाडलंस. आत चिठ्ठी होती, "आण्णा, तुम्हाला तेव्हा ऐकू आलं असतं तर तुम्ही मला पाठवलं नसतं, मला माहिती आहे." ती चिठ्ठी मी पाकिटात घालून फिरतो. मशीन डब्यात तसंच हाय, त्याच्या वरचा कागद बी फाडला नाय.

तुझी माया त्या बहिऱ्या माणसावर हाय. तो माणूस नव्हताच कधी. घरात तीन वर्सं त्याच्या नावानं मीच गोळ्या आन शाली घेत होतो.

नीरजाला मी आठ दिवस थांब म्हणलंय. तोवर हे पत्र तुझ्या हातात पडंल. मंग ती तुला रेकॉर्ड आन सहीचा कागद धाडंल. ठेवा म्हण, पुसा म्हण, माझं त्यावर काय नाय. पण ते मशीनच्या तोंडनं तुला कळायच्या आधी माझ्या हातानं कळावं, एवढी अक्कल उशिरा का होईना आली. सिल्लोडच्या लोकांनी तुझ्या सोडचिठ्ठीच्या कागदांसाठी अजून कोर्टात खेटे घालायला लावलेत, ते सारजाबाईकडनं ऐकलंय. पुढच्या तारखेला मी येतो. तू नको म्हणलीस तर कोर्टाच्या भाईर बसतो. तिथं कुणी विचारलं, बापाला कवा कळलं, तर जुलै २०२१ सांगंन, लेखी.

माफी मागत नाय. ती मागितली की तुला द्यायचं नायतर नाकारायचं काम लागतं, आन तुला कामं कमी नायत.

तू एकच विचारशील, त्या अठ्ठेचाळीस सेकंदात मनात काय होतं. नीरजानं बी विचारलं, तिच्या कागदावर त्याला रिकामा रकाना हाय. तिला नाय सांगितलं. तुला सांगितलं तर ती सबब होईल, आन सबब मला द्यायची नाय. तो रकाना रिकामाच राहील. पुन्हा विचारू नको, लिहून नको, समोर बसून नको. यावर मी मरंस्तवर एक शब्द बोलणार नाय.

खाली नुसतं नाव घालतो. त्याच्या आधी बाप लिहायचं का नाय, ते तू बघ.

लक्ष्मण