उकिरड्यातली माती

सांगली, ५ जानेवारी २०२५

ती. लालाकाकांना क्रांतीचा शि. सा. न. वि. वि.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी आमच्या सरांना आपली माती हवी आहे. एक पुडी तुम्ही दरवर्षी तोडणीनंतर उसाचे वाळले पाचट पेटवता त्या फडातली, दुसरी विहिरीकडच्या पट्ट्यातली, जिथे साळूकाकू आंब्याला झळ लागते म्हणून जाळू देत नाही. ऊस हवेतला वायू घेऊन वाढतो, त्यातला कार्बन पाचटात येतो. पाचट कुजले तर थोडा मातीत मुरतो. जाळले तर ऑक्सिजनशी जोडी जमवून परत हवेत जातो आणि हवा तापवतो. बारा किलो कार्बन जळला की चव्वेचाळीस किलो वायू होतो, काका!

फोन रेकॉर्ड होतो म्हणून तुम्ही बोलत नाही, म्हणून हे पत्र. राग नसावा, माती यावी.

आपली क्रांती

रहिमतपूर, १२ जानेवारी

चि. क्रांतीस अनेक आशीर्वाद.

बाराचे चव्वेचाळीस? कारखान्याचा काटा कमी दाखवतो म्हणून आम्ही ओरडतो, तुझ्या सरांचा जास्त दाखवतो! फौजेत बावीस वर्षे काढली, उगाच कुणी काही मागत नाही. आज माती मागतात, उद्या सातबारा मागतील. सर मूळचे कुठले ते कळव. साळूकाकूही म्हणाली, की माती मागत्यात म्हंजी कायतरी हाय. तरी तुझे मन मोडवत नाही. दोन पुड्या एसटीने पाठवल्या आहेत. जपून राहावे.

लालाकाका

सांगली, २८ जानेवारी

ती. काका, सा. न.

दोन्ही पुड्यांत कार्बन सारखाच, आणि पाच टक्के! आपल्याकडच्या रानात एक टक्का म्हणजे पुष्कळ. मी त्यात काय मिसळले, असे सरांनी सगळ्यांसमोर विचारले. मी रडले. पंधरा तारखेपर्यंत उलगडा झाला नाही तर प्रकल्प रद्द, वर्ष वाया. काटा मात्र खरा आहे: जळताना हवेतला बत्तीस किलो ऑक्सिजन येऊन चिकटतो, त्याचे ते वजन.

पुड्या कुठे भरल्या, खरे सांगा. तुमच्यावर संशय घ्यायची लाज वाटते, पण घेते आहे.

क्रांती

रहिमतपूर, १ फेब्रुवारी

चि. क्रांतीस आशीर्वाद.

पुड्या उकिरड्यातल्या. रानाची माती परक्याच्या हाती लागू नये म्हणून केले आणि बोल तुला लागला. फार वाईट वाटले. नव्या पुड्या काकूने भरल्या, मी नुसते फावडे धरले. सोबत सरांना चिठ्ठी आहे: खोटी माती मी, माजी सुभेदार लालासाहेब, याने पाठवली, मुलगी निर्दोष आहे. खाली सही केली आहे. झाले तर माफ कर.

लालाकाका

रहिमतपूर, ६ मार्च

चि. क्रांतीस आशीर्वाद.

सरांचे समाधान झाले हे वाचून जीव भांड्यात पडला. फडात अर्धा टक्कासुद्धा नाही आणि आंब्याखाली दुप्पट, हे काकूने माझ्याकडून तीनदा वाचून घेतले. आता आल्यागेल्याला सांगत असते.

परवा तोडणी संपली. काड्याची पेटी खिशात होती, पेटवले नाही. शेजारच्या आप्पासोला झोप नाही. मला कसली तरी सरकारी योजना मिळाली म्हणून पेटवले नाही, असा त्याला संशय आहे. आज बांधावर आला, इकडेतिकडे पाहिले आणि मूठभर माती रुमालात बांधून घेऊन गेला. मी पाहिले, हटकले नाही. या वेळची माती खरी आहे.

लोभ आहेच, विश्वासही ठेवावा.

लालाकाका