बाबागाडीतला लिंबाचा पाला

माय,

भाद्रपदातल्या उन्हाचा काही भरवसा नसतो, हे तुला मी काय सांगणार? सकाळी शाळेत शिकवायला निघताना बाबागाडी गच्चीवर ठेवते आणि रेल्वेनं मुदखेडला उतरेपर्यंत आभाळ भरून आलेलं असतं. मग फोन करून ह्यांना ती आत घ्यायला सांगायची. संध्याकाळी घरी आले की चप्पल काढायच्या आधी मी गाडीच्या बैठकीला नाक लावते. वास तसाच असतो. कुबट, बुरशीचा, कोठीच्या तळाशी धान्य राहून गेलं की येतो तसला. सोडा टाकून झाला, व्हिनेगर झालं, लिंबू चोळून झालं, साबणाच्या पाण्यानं घासून माझी बोटं सोलली. उन्हात असते तोवर वास पळाल्यासारखा वाटतो, सांज झाली की परत येऊन बसतो.

ही तीच गाडी, निळ्या टपाची, तू लातूरहून आणलेली. तुझी नात सव्वा महिन्याची झाल्याशिवाय तू दुकानाची पायरी चढली नव्हतीस, आणि मग चढलीस ती सगळ्यांत मोठी गाडी घेऊन उतरलीस. एस्टीच्या कंडक्टरनं म्हटलं, "मावशी, हे टपावर टाका." तू म्हणालीस, "लेकराची गाडी टपावर? तुमीच बसा की टपावर." लातूरपासून नांदेडपर्यंत ती मांडीवर घेऊन बसलीस. घरी आलीस तेव्हा पाय इतके आखडले होते की उंबऱ्यातच बसलीस, आणि बसल्या बसल्या बाळाला गाडीत घालायला लावलंस. हे मला लख्ख आठवतं. तुझ्या मांडीवर चाकाचा वळ उठला होता आणि तू खुशीत होतीस.

आता ती नात लातूरला असते, नोकरी करते, आणि तिला सातवा महिना लागलाय. याआधी दोनदा तिच्या पोटातलं राहिलं नाही. तुला हे माहीत नाही, तू गेल्यानंतरचं आहे सगळं. एकदा तिसऱ्या महिन्यात, आणि दुसऱ्यांदा पाचव्यात. तेव्हा मात्र तिच्या नवऱ्यानं हौसेनं पाळणा, दुपटी, टोपरी सगळं आणून ठेवलं होतं. ते परत कसं केलं, कुणाला दिलं, मी कधी विचारलं नाही. तीच मुलगी, जी लहानपणी तुझी थट्टा करायची, "आजी, दुकानदाराला कसं कळतं गं बाळ झालं की नाही ते?" आणि तू म्हणायचीस, "दुकानदाराला न्हाई कळत, मला कळतंय." आता ती फोनवर मला सांगते, "आई, तू नवं काही आणू नकोस. पाळणा नको, दुपटं नको, ओटीभरणसुद्धा नको. माझी जुनी गाडी आहे ना माळ्यावर? तेवढी काढून ठेव." मी म्हटलं, काढते. एवढं एकच मागितलंय तिनं, माय, आणि तेही माझ्याच्यानं होईना.

ह्यांनी परवा बैठक अंगठ्यानं दाबून वास घेतला आणि म्हणाले, "आतल्या स्पंजमधी मुरलाय हा. कापड घासून काय होणार? सीटच नवी शिवून घे की." त्यांचं बरोबर आहे. ही बैठक खिळ्यांनी पक्की केलेली, काढून धुता येत नाही, फाडूनच काढावी लागेल. मी लेकीला फोन केला. सीट नवी शिवून घेते म्हटलं. ती म्हणाली, "नवं लावू नकोस आई. आहे तशी राहू दे." मी म्हटलं, "अगं, पण बाळाला वास..." तर म्हणाली, "बाळ येऊ तर दे." तू असतीस तर काहीतरी बोलली असतीस, निदान रागे तरी भरली असतीस. मी फोन ठेवला आणि पुन्हा ब्रश घेतला.

शेवटी तुझं आठवून धुरी दिली. शेगडीत निखारे, त्यावर ऊद आणि ओवा, वर गाडी पालथी. तुझ्या हाताखाली माझी, तिची, सगळ्यांची अंगडी-टोपडी त्या धुरावर फिरलेली. दुसऱ्या दिवशी गाडीला दोन वास येत होते, उदाचा आणि कुबट, शेजारी शेजारी.

धुरीसाठी टप पूर्ण उघडावा म्हणून त्याच्या घडीत हात घातला, तेव्हा ते सापडलं. लिंबाचा पाला, कडुलिंबाचा, तू कीड लागू नये म्हणून भरायचीस तो. वाळलेला नाही, काळा, चिकट, गोळा झालेला. घडीघडीत तसाच, आणि बैठकीखालच्या खणातही. मी ते ओंजळीत धरून कितीतरी वेळ उभी होते.

कारण तुझा पाला असा कधीच नसायचा. मी चौथी-पाचवीत असेन, तू मला गव्हाच्या कोठीत पाला घालायला सांगितलास आणि मला खेळायला पळायचं होतं, म्हणून अर्धवट वाळलेलाच घातला. तू रात्री कोठीत हात घातलास आणि मला अंथरुणातून उठवलंस. सगळे गहू परत अंगणात. मुठीत पाला चुरून माझ्या कानाशी धरलास. "आवाज आला का? न्हाई आला. ह्याला वाळलेला म्हंतेत का? हिरवं ठिवलं तर आतून कुजतंय, अन् वरून दिसत बी न्हाई." मी रडतेय, तू मात्र पुन्हा पुन्हा मूठ कानाशी आणतेयस. गल्लीतल्या बाया तुला पाला दाखवायला आणायच्या, आणि तू मूठ वळून परत पाठवायचीस.

ही गाडीही तूच बांधायचीस. दरवर्षी दसऱ्यानंतर माळ्यावरून उतरवायची, उन्हात तापवायची, नवा पाला भरायचा, वर जुनं धोतर आणि सुतळी. "तिचं लेकरू बसंल हिच्यात," असं म्हणायचीस आणि ती कॉलेजात जाणारी पोर लाजून आत पळायची. शेवटच्या वेळी तू गाडी बांधलीस ती सकाळ मला आठवते. तू गच्चीवर पाल्याचा ढीग घेऊन बसली होतीस. मला रेल्वे गाठायची होती. मी म्हटलं, "माय, येते," आणि तू हात वर केलास. आले तेव्हा गाडी माळ्यावर गेलेली होती.

त्याच्या पुढच्या वर्षीच्या दिवाळीत तू भाजीत दोनदा मीठ घातलंस. मग मला मावशीच्या नावानं हाक मारू लागलीस. मग एकदा आपलंच घर सापडेना म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात बसून राहिलीस. डॉक्टरांनी विचारलं होतं, "हे कधीपासून चालू आहे?" आणि मी ठामपणे म्हणाले होते, "आत्ताच, दिवाळीपासून." डॉक्टर म्हणाले, "नाही, आधीपासून असणार, आठवून बघा." मी फार आठवलं. काही सापडलं नाही. आता सापडलं. अख्ख्या वर्षाआधी, दसऱ्याच्या उन्हात, तू हिरवा पाला मुठीत चुरलास, आवाज आला नाही, आणि तुला ते कळलं नाही. की तू मूठ वळायचीच विसरलीस? तुला भीती वाटत होती का, माय? तुला आतल्या आत काही कळत होतं का? मी जिन्यावरून घाईनं खाली उतरत होते. आणि थांबले असते तरी मला काय कळलं असतं, हेही मला माहीत नाही.

तो पाला मी कुंडीत टाकला. लेकीला यातलं काही सांगितलं नाही. तिला वाटतं, आजीच्या हातची गाडी म्हणजे सगळं नीट असणार. तेवढ्याच आधारावर ती बसलीय, आणि तो मी कसा काढून घेऊ? रविवारी ती बाळंतपणासाठी येतेय. आल्या आल्या गाडीपाशी जाईल, वाकून हात फिरवील. त्या वेळी तिच्या तोंडाकडे बघायची मला धास्ती वाटते.

हे लिहून मी कुठं पाठवणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. कालपासून मला गाडीचा वास येत नाही. बैठकीत तोंड खुपसलं तरी येत नाही. गेला असेल. किंवा रोज रोज घेऊन माझ्या नाकाला सवय झाली असेल, तुझ्याजवळ रोज बसून मला काही कळलं नाही तसं. शेजारच्या काकूंना वास घ्यायला बोलवावं म्हणून मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले, आणि कडी न वाजवता परत आले.